काना-मात्रा फुकट

सावद्याला केळीच्या गाड्या भरतात, तिथून
दुसरं दुकान माझं. पत्र्याचं.
दर विचारला की आधी मी नाव विचारतो.

तीन इंची अक्षराला पंचवीस, सहा इंचीला साठ,
सावली टाकली तर वर दहा.
काना-मात्रा फुकट, वेलांटी फुकट,
अनुस्वार तर ब्रश झटकतानाही पडतो.
भांडण होतं ते जोडाक्षरावर.
'श्री' एक धरायचा की तीन?
ज्यांच्याकडे मी सात वर्षं डबे धुतले
ते भिकन पेंटर म्हणायचे,
देवाचा असला तर एक,
फायनान्सवाल्याचा असला तर तीन.
मी दोन धरतो. शिव्या दोन्हीकडून खातो.

'कमल' पाऊण तासात होते.
ज्ञानेश्वर आला की मी आधी चहा सांगतो.
एक ज्ञानेश्वर म्हणाला, 'नाना' लिही,
घरी तेच म्हणतात.
शंभर रुपये वाचले त्याचे,
आणि कल्याणपर्यंत सगळे त्याला नाना म्हणायला लागले.

मे महिन्यात रंग ब्रशावरच वाळतो.
टर्पेन दुप्पट जातं, त्याचं बिल कुणाला लावू?
हाताची पाठ पत्र्याला टेकली की कातडी चिकटते,
आणि ड्रायव्हर केबिनमध्ये, पाय खिडकीबाहेर:
"भो, चारला सोड. दिल्लीले निघायचंय."
घाईचे वेगळे लावायचे, असं तीनदा ठरवलं आहे.

जळगावला यंत्र आलंय. रेडियम कापतं, फुटावर दर.
त्याला कमल काय आणि ज्ञानेश्वर काय, सारखेच.
गिऱ्हाईक गेलं त्याचं एवढं नाही,
पण त्याचा 'ळ' बघा कधी.
केळीचा 'ळ', दोन पोटांचा,
त्यातलं एक जरा जेवलेलं पाहिजे.
त्यानं दोन्ही एकाच मापाची काढलीत.

दिवाळीनंतर सुपडू बऱ्हाटे आला.
गाडी माझ्याच हातची. पिवळी, कपाळावर लाल सहा इंची:
बऱ्हाटे बंधू.
त्या 'ऱ्हा'वर मी अर्धी दुपार घातली होती.
टेनूही होता तेव्हा. दोघं एका कागदातली भजी खात
खालून ओरडत होते, अजून मोठं, अजून मोठं.

आता एकटाच.
"बंधू पुसून टाक. कितले घेशील?"

माझ्याकडे दर आहेत ते लिहिण्याचे.
दोन अक्षरं मोजली, अनुस्वार सोडला.
पॉलिश पेपर, पिवळ्याचे दोन हात.
मग लक्षात आलं, नुसतं 'बऱ्हाटे' मधोमध बसत नाही,
डावीकडे रेलून राहतं,
शेजारी कुणी उठून गेल्यासारखं.
सरकवायचं तर सगळंच पुसावं लागेल.
"राहू दे तसंच. कितले?"
एकशेवीस, मी म्हणालो. लिहिताना घेतले होते तितकेच.
त्याने घासाघीस केली नाही.
खिशातून काढले, मोजलेसुद्धा नाहीत.

लालावर पिवळा मारायचा तर आधी पांढरं अस्तर,
नाहीतर खालचा वर येतो,
हे भिकन पेंटरांनी पहिल्याच वर्षी सांगितलेलं.
मी अस्तर मारलं नाही.
गाडी चारला सुटायची होती म्हणा.
पांढऱ्याचा डबा शेजारीच होता म्हणा.

होळीच्या सुमारास गाडी कानपूरहून आली.
आधी अनुस्वारच वर आला होता,
फुकटातला, जाड पडलेला,
मग त्याच्याखाली 'ब'चं पोट, गुलाबीसर.
सुपडूभाऊ बोनेटला टेकून चहा प्यायला.
मी वर बघितलं, त्याने बघितलं नाही.
जाताना म्हणाला, मागच्या फाळक्यावर नंबर पुसट झालाय,
पुढच्या खेपेला बघ.

आज मुलगा नवी दराची पाटी लिहितोय.
तीन इंची, सहा इंची, सावली, नंबर प्लेट.
शेवटी मी सांगितलं, 'पुसणे' घाल.
तो ब्रश उचलून थांबलाय: समोर किती?

जागा सोड.